एचआयव्हीचे उपचार आणि हृदयाचे आरोग्य : संशोधन काय सांगते?



अहवालातील जमाखर्च आणि आकडेवारी यांच्या जोडीने वैद्यकशास्त्रातील एखादा विषय सुबोध भाषेत वाचकांपुढे ठेवावा, या हेतूने हे लेखन करीत आहोत. यंदाचा विषय आम्हांला बाह्यरुग्ण विभागातच सापडला. तेथे एक प्रश्न वारंवार कानी येतो. बहुधा तो रुग्ण स्वतः विचारीत नाही; त्याची पत्नी, मुलगा किंवा भाऊ, रुग्ण औषधाच्या खिडकीपाशी गेल्यावर, आवाज खाली करून विचारतो, "डॉक्टर, या एचआयव्हीच्या गोळ्यांनी हृदय बिघडते म्हणतात, ते खरे का? मग काही दिवस गोळ्या बंद ठेवल्या तर चालेल का?"

या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर 'काही अंशी' असे आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र निःसंदिग्धपणे 'नाही' असे आहे. ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी कशी, हे समजावून सांगणे हा या लेखाचा उद्देश होय.

मृत्यूच्या छायेतून दीर्घ आयुष्याकडे

एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद १९८१ साली अमेरिकेत झाली. भारतात हा संसर्ग १९८६ मध्ये चेन्नई येथे प्रथम आढळला. त्यानंतरची दहा वर्षे वैद्यकशास्त्र जवळजवळ हतबल होते. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धती रूढ झाली आणि चित्र पालटले. तथापि, त्या औषधांचा वार्षिक खर्च सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने हा तिहेरी उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केला आणि जगभरातील गरीब देशांना दार उघडे झाले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला.

याचे फलित आज आपल्यासमोर आहे. नियमित औषधे घेणारी व्यक्ती आता पन्नाशी, साठी ओलांडते, नातवंडे पाहते. मात्र आयुष्य लांबले की उतारवयाचे विकारही ओघाने येतात. त्यांत हृदयविकार अग्रभागी आहे. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा, की एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीस हृदयविकाराचा धोका इतरांच्या तुलनेत साधारणतः दीड ते दोन पट असतो. ज्याला आपण एका संकटातून वाचविले, त्याला दुसऱ्या संकटाच्या हाती सोपवावयाचे काय, हा खरा प्रश्न आहे.

धोका कोठून येतो?

या धोक्याचे तीन उगम आहेत. पहिला उगम म्हणजे स्वतः विषाणू. औषधांमुळे रक्तातील विषाणू मोजता येऊ नये इतका कमी झाला, तरी काही पेशींमध्ये तो दडून राहतो. शिवाय संसर्गाच्या आरंभीच आतड्याच्या अस्तराला इजा पोहोचते आणि तेथील जिवाणूंचे अंश रक्तात झिरपत राहतात. परिणामी शरीराची प्रतिकारयंत्रणा पूर्णपणे विसावत नाही. राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे आत धगधगत राहते. या दीर्घकालीन दाहामुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तराची हानी होते, त्यात कोलेस्टेरॉलचे थर साचतात आणि एखादा थर फुटला की तेथे गुठळी होऊन हृदयाचा रक्तपुरवठा खंडित होतो.

दुसरा उगम म्हणजे काही विशिष्ट औषधे. त्यांविषयी पुढे लिहीत आहोत. तिसरा उगम सर्वपरिचित आहे : तंबाखू, विडी-सिगारेट, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढते वजन आणि बैठे जीवन. त्यातच दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतर प्रदेशांतील लोकांपेक्षा काही वर्षे आधी येतो, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांतील 'इंटरहार्ट' अभ्यासाने दाखवून दिले. म्हणजे आपल्याकडील रुग्णाच्या बाबतीत हे तिन्ही प्रवाह एकत्र येऊन मिळतात.

गोळ्यांवरील आरोप आणि त्याची चौकशी

गोळ्यांवरील आरोप निराधार नव्हता. युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथील २३,४६८ रुग्णांचा मागोवा घेणाऱ्या 'डी-ए-डी' या अभ्यासाचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. संयुक्त उपचाराच्या पहिल्या काही वर्षांत, प्रत्येक वाढत्या वर्षागणिक हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. हा आकडा वाचून कोणीही धास्तावेल. परंतु त्याच अहवालातील दुसरा आकडाही पाहावयास हवा : एकूण ३६,१९९ व्यक्तिवर्षांच्या निरीक्षणात झटका आलेले रुग्ण १२६ होते. म्हणजे एक हजार रुग्णांमागे वर्षाला साधारण तीन ते चार. लहान संख्येत २६ टक्क्यांची भर पडली, तरी ती संख्या लहानच राहते. टक्केवारी ऐकताना 'कशाच्या टक्के?' हा प्रश्न विचारण्याची सवय आपण सर्वांनीच लावून घ्यावी.

याच अभ्यासाने पुढे दोषी औषधे वेगळी काढली. २००७ मध्ये 'प्रोटिएज इनहिबिटर' या गटातील औषधांचा आणि २००८ मध्ये 'अबाकाविर' या औषधाचा हृदयविकाराशी संबंध दिसून आला. म्हणजे आरोप सरसकट सर्व गोळ्यांवर सिद्ध झाला नाही.

आता मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळू. गोळ्या मधूनमधून बंद ठेवल्या तर? हाच प्रश्न संशोधकांनीही गांभीर्याने विचारला होता. 'स्मार्ट' या चाचणीत ३३ देशांतील ५,४७२ जणांचे दोन गट करण्यात आले. एका गटाने औषधे अखंड घेतली. दुसऱ्या गटात प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी पुरेशा असेतोवर औषधे थांबविण्यात आली. औषधांपासून विश्रांती मिळाल्याने हृदय, यकृत आणि मूत्रपिंड यांचा त्रास कमी होईल, अशी अपेक्षा होती. घडले ते नेमके उलट. औषधे थांबविणाऱ्या गटात संधिसाधू आजार किंवा मृत्यू यांचे प्रमाण अडीच पटींहून अधिक आणि हृदय, यकृत, मूत्रपिंड यांच्या गंभीर विकारांचे प्रमाण सुमारे १.७ पट निघाले. जानेवारी २००६ मध्ये ही चाचणी मुदतीपूर्वीच आवरती घ्यावी लागली.

मोकळा सोडलेला विषाणू हा गोळीपेक्षा हृदयाचा मोठा शत्रू आहे, हा धडा वैद्यकशास्त्र तेव्हा शिकले. २०१५ च्या 'स्टार्ट' चाचणीने निदान होताच उपचार सुरू करण्याचे लाभ सिद्ध केले आणि २०१७ पासून भारतातही, सीडी-४ पेशींची संख्या कितीही असो, प्रत्येक बाधित व्यक्तीस उपचार देण्याचे धोरण स्वीकारले गेले.

प्रतिबंधाचा नवा मार्ग

गोळी बंद करावयाची नाही, आणि धोका तर आहे. मग उपाय कोणता? या प्रश्नाचे उत्तर 'रिप्रिव्ह' या चाचणीने दिले. तिचे निष्कर्ष जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतासह बारा देशांतील ४० ते ७५ वर्षे वयाचे ७,७६९ स्त्री-पुरुष तिच्यात सहभागी झाले होते. सर्वजण एचआयव्हीचे उपचार नियमित घेत होते आणि प्रचलित मोजमापानुसार त्यांचा हृदयविकाराचा धोका कमी ते मध्यम होता. म्हणजे एरवी कोणी त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी दिलीच असती असे नाही.

चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे, कोणाच्याही पसंतीवर न सोपविता, निम्म्यांना 'पिटावास्टॅटिन' ही रोज एक गोळी व निम्म्यांना तशीच दिसणारी परंतु औषध नसलेली गोळी देण्यात आली. कोणास काय मिळते, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही नव्हते. मनाचे समाधान आणि औषधाचा खरा गुण यांची गल्लत होऊ नये, यासाठी ही दक्षता असते.

सुमारे पाच वर्षांनंतर हिशेब मांडला, तेव्हा औषध न मिळालेल्या गटात दर हजार व्यक्तींमागे वर्षाला ७.३२, तर औषध मिळालेल्या गटात ४.८१ व्यक्तींना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा तत्सम गंभीर घटनेला सामोरे जावे लागले. हे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी आहे. लाभ इतका स्पष्ट दिसल्याने ही चाचणीदेखील मुदतीपूर्वी थांबविण्यात आली. मात्र या वेळी कारण आनंदाचे होते. दुसऱ्या शब्दांत, साधारण १०६ जणांनी पाच वर्षे गोळी घेतली, तर त्यांतील एकावरील असा प्रसंग टळतो.

या नाण्याची दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. गोळी घेणाऱ्यांत नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५.३ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ४ टक्के. स्नायुदुखीची तक्रारही थोडी अधिक होती. चाळिशीच्या आतील व्यक्ती या चाचणीत नव्हत्या. म्हणून ही गोळी कोणाला द्यावी, हे वय, रक्तदाब, साखर आणि इतर औषधे पाहून डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

एक रुग्ण, दोन फाइली

आमच्या अनुभवातील एक बाब येथे आवर्जून नमूद करतो. छातीत दुखते म्हणून आलेला रुग्ण हृदयरोगाची फाइल समोर ठेवतो आणि एआरटी केंद्राची हिरवी-पांढरी वही मात्र पिशवीच्या तळाशी कपड्यांखाली दडवितो. त्यामागील भीती आम्ही जाणतो. गावात, नोकरीच्या ठिकाणी, कधी स्वतःच्या घरातही त्याने काय सोसले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. परंतु या लपवाछपवीची किंमत फार मोठी असू शकते. एचआयव्हीच्या काही उपचारक्रमांत 'रिटोनाविर' हे औषध असते. त्याच्यासोबत कोलेस्टेरॉलसाठी 'सिम्वास्टॅटिन' दिले गेले, तर त्याचे रक्तातील प्रमाण धोकादायक पातळीला पोहोचते, स्नायूंची हानी होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणूनच ही दोन औषधे एकत्र देणे वर्ज्य आहे. सध्या बहुतेकांना मिळणाऱ्या 'डोल्युटेग्राविर' या औषधाचा असा उपद्रव नाही. तथापि, त्यासोबत मधुमेहावरील 'मेटफॉर्मिन'ची मात्रा मर्यादित ठेवावी लागते आणि काहींचे वजनही वाढते.

एचआयव्ही-विषयक २०१७ च्या कायद्यान्वये, न्यायालयाच्या आदेशाखेरीज, आपली स्थिती उघड करण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. तो अधिकार रुग्णाचा आहे आणि तो आम्ही पाळतो. आमची विनंती एवढीच, की उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दोन्ही फाइली दाखवाव्यात. डॉक्टरांच्या टेबलावर उघडलेली वही तेथेच मिटते. तिच्यातील मजकूर दाराबाहेर जात नाही.

आप्तांस आणि देणगीदारांस

कुटुंबीयांनी करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. एआरटीची गोळी एकही दिवस चुकू देऊ नये. घरातील तंबाखू आणि विडी सुटावी यासाठी प्रेमाने पाठपुरावा करावा. रक्तदाब, रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतराने करून घ्यावी. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणे, घाम फुटणे अशी लक्षणे दिसल्यास 'पित्त असेल' म्हणून सकाळची वाट पाहू नये.

देणगीदारांस आम्ही एवढेच सांगू इच्छितो : एचआयव्हीची औषधे शासन विनामूल्य देते, हे मोठेच पाठबळ होय. परंतु त्या औषधांनी वाचविलेल्या माणसाचा रक्तदाब मोजणे, त्याच्या रक्ताच्या चाचण्या करणे, त्याच्याशी निवांतपणे बोलणारा समुपदेशक नेमणे, या गोष्टींनाही पैसा लागतो. ही मदत छायाचित्रात दिसत नाही. न आलेल्या झटक्याचा सत्कार करता येत नाही. तरीही आपल्या देणगीचे सर्वांत चांगले चीज अशाच न घडलेल्या घटनांत होते, असे आम्ही मानतो.

पुढील खेपेस कोणी आप्त आवाज खाली करून तोच प्रश्न विचारील, तेव्हा आमचे उत्तर तयार आहे : "गोळी बंद करू नका. हृदयाची काळजी वेगळी घेऊ, आणि ती दोघे मिळून घेऊ." हे उत्तर केवळ धीर देण्यासाठी नाही, हजारो रुग्णांनी स्वेच्छेने चाचण्यांत सहभागी होऊन ते आपल्या हाती दिले आहे. त्या अनाम स्त्री-पुरुषांचे ऋण मान्य करून हा लेख पूर्ण करतो.