दिव्यांग कर्मचाऱ्याचा सोयीसाठीचा अर्ज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सरकारी कार्यालयातले दिव्यांग कर्मचारी जे मागतात ते बहुतेक वेळा अगदी छोटे असते. टेबल तळमजल्यावर हवे. संगणकावर स्क्रीन रीडर बसवून मिळावा. ऐकू कमी येते म्हणून बैठकीची विषयपत्रिका आदल्या दिवशी लेखी मिळावी. थॅलेसेमिया असलेल्याला रक्त चढवण्याच्या दिवशी वेळेत थोडी मुभा हवी असते. तरीही अर्ज आवक नोंदवहीत चढतो, आस्थापना शाखेत त्यावर टिपणी होते, ‘वरिष्ठ कार्यालयाचे मार्गदर्शन मागवावे’ असा शेरा पडतो आणि नस्ती फिरत राहते. तोवर कुबड्या घेतलेला माणूस रोज दोन जिने चढत असतो. या विलंबामागे वाईट हेतू क्वचितच असतो. अर्ज हाताळणाऱ्यांना कायदा काय सांगतो हे माहीत नसते आणि त्या जागी वर्षानुवर्षांचे समज बसलेले असतात.

‘सोय द्यायची की नाही, हे साहेबांनी ठरवायचे’

सगळ्यात खोलवर रुजलेला गैरसमज हाच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या दुसऱ्या कलमातच भेदभावाची व्याख्या आहे आणि वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव आहे, असे त्या व्याख्येत थेट म्हटले आहे. कलम २० खास नोकरीबद्दल आहे. प्रत्येक सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय आणि अडथळे नसलेले वातावरण दिले पाहिजे, असे ते बजावते. म्हणजे तळमजल्यावरचे टेबल ही कोणाची कृपा नाही, ते कार्यालयाचे कर्तव्य आहे.

कायद्याने याला एक मर्यादाही घातली आहे. त्या विशिष्ट प्रकरणात कार्यालयावर प्रमाणाबाहेरचा, अवाजवी बोजा पडू नये. मागितलेली गोष्ट जशीच्या तशी द्यावीच लागेल असे नाही. तेच काम साधणारा दुसरा मार्ग सुचवता येतो. पण बोजा कोणता, कोणते पर्याय तपासले आणि ते का जमत नाहीत, हे कार्यालयाने कागदावर मांडायला हवे. ‘नियमात बसत नाही’ एवढ्या एका ओळीवर अर्ज निकाली काढणे मला कोणत्याही अर्थाने न्याय्य वाटत नाही. उत्तर न देता अर्ज महिनोन्महिने ठेवून देणे तर त्याहून वाईट, कारण त्याविरुद्ध दाद मागायला हातात आदेशही नसतो.

‘चाळीस टक्क्यांच्या खाली असेल तर प्रश्नच येत नाही’

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. वाजवी सोयीच्या व्याख्येत मात्र टक्केवारीचा उल्लेखच नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा निकाली काढला. प्रकरण केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचे होते. लिहिताना हाताचे स्नायू आखडतात म्हणून एका उमेदवाराने लेखनिक मागितला होता आणि चाळीस टक्क्यांच्या निकषावर तो नाकारला गेला होता. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल उमेदवाराच्या बाजूने दिला. त्याच निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, सोय त्या त्या व्यक्तीची गरज पाहून ठरवावी लागते आणि त्यासाठी त्या व्यक्तीशी बोलावे लागते. आपल्या कार्यालयांत नेमके हेच घडत नाही. प्रमाणपत्राची झेरॉक्स तीनदा मागवली जाते, पण ‘तुम्हाला नेमके कोणते काम करताना अडते?’ असे कोणी विचारत नाही.

अडचण डोळ्यांना दिसत नसली की संशय आणखी वाढतो. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आताच्या कायद्यात एकवीस आहेत. मानसिक आजार, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, हिमोफिलिया, पार्किन्सन हे सगळे त्यात येते. धडधाकट दिसणारा माणूसही अर्ज करू शकतो, आणि तो तितक्याच गांभीर्याने वाचायला हवा.

‘यासाठी निधी कुठून आणायचा?’

लिफ्ट बसवायला पैसे लागतात, हे खरे. पण बऱ्याच मागण्यांना पैसा लागतच नाही किंवा फार थोडा लागतो. अंध कर्मचाऱ्याचेच बघा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर पूर्णपणे मोफत आहे. पडद्यावरचा मजकूर तो वाचून दाखवतो, मराठीसुद्धा. मग अडते कुठे? परिपत्रक छापायचे, त्यावर सही-शिक्का करायचा आणि त्याचे स्कॅन पाठवायचे, ही आपली पद्धत. ते स्कॅन म्हणजे निव्वळ चित्र असते, त्यातले अक्षरही स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. दुसरा अडथळा जुन्या फॉन्टचा. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर आपल्याला देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन रांग असते आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. हाच मजकूर युनिकोडमध्ये टंकून मूळ फाइल पाठवली, तर तो कर्मचारी इतरांइतक्याच वेगाने नस्ती वाचू शकतो. इथे खर्च शून्य आहे, बदलायची आहे ती कार्यालयाची सवय.

याउलट पैसे खर्चूनही काम वाया गेल्याची उदाहरणे जागोजाग आहेत. उताराचे प्रमाण एकास बारा असावे, असे मानक आहे. १५ सेंटिमीटरची एक पायरी असेल तर रॅम्प १.८ मीटर लांब हवा. प्रत्यक्षात अनेक इमारतींत तीन पायऱ्यांवर जेमतेम दोन मीटरचा तीव्र उतार बांधलेला दिसतो. चाकाच्या खुर्चीवरून तिथे एकट्याने चढणे अशक्य आणि उतरणे धोक्याचे. वापरणाऱ्याला आधी विचारले असते तर तोच पैसा सत्कारणी लागला असता.

‘जमणार नाही, त्यापेक्षा हलके काम द्या’

हे बोलणारा बहुतेकदा मायेने बोलतो, म्हणून या गैरसमजाला हात घालणे अवघड जाते. पण जबाबदारीचे काम काढून घेतलेला कर्मचारी अनुभवाला मुकतो. गोपनीय अहवालात त्याच्याबद्दल लिहिण्यासारखे काही उरत नाही आणि पदोन्नतीच्या वेळी तेच त्याच्या आड येते. केवळ दिव्यांगत्वामुळे पदोन्नती नाकारता येणार नाही, असे कलम २० सांगते. तीच नकाराची वाट अशी मागच्या दाराने तयार होते.

कोणाला काय जमेल याचे बाहेरून बांधलेले अंदाज किती चुकतात, याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही अंधत्वाचे कारण देऊन त्यांना रेल्वे लेखा सेवेत घेतले गेले नाही. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या, देशात १२४ व्या आल्या आणि भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या. २०१९ मध्ये त्यांनी तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून कार्यभार घेतला. हिशेब तपासायला ज्यांना अयोग्य ठरवले, त्या महसुली प्रशासन चालवू लागल्या.

‘नोकरीत असताना अपंगत्व आले की घरी बसायचे’

अपघात होतो, पक्षाघाताचा झटका येतो किंवा मधुमेहाने दृष्टी जाते. मग सहकारी, कधी वरिष्ठही, सल्ला देतात : स्वेच्छानिवृत्ती घ्या, पेन्शन तर मिळेलच. घाबरलेली कुटुंबे सही करून मोकळी होतात. हा सल्ला मानण्याआधी कलम २० चे चौथे उपकलम वाचलेच पाहिजे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना नोकरीवरून काढू शकत नाही, खालच्या पदावरही आणू शकत नाही. सध्याचे काम खरोखर झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच लाभांसह दुसऱ्या पदावर घ्यायचे. तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यातले जे आधी येईल तोवर, अधिसंख्य पदावर ठेवायचे.

जुन्या कायद्यातही असेच संरक्षण होते. एसएसबी या केंद्रीय सुरक्षा दलातल्या एका शिपायाचा पाय कर्तव्यावर असताना झालेल्या दुखापतीमुळे कापावा लागला आणि त्याला अपात्र ठरवून घरी पाठवले गेले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. त्याला अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळते आहे, म्हणून कायद्याचे संरक्षण लागू नाही, हा युक्तिवादही न्यायालयाने मानला नाही. काही सेवांना या तरतुदींतून सूट मिळू शकते, पण ती शासनाने अधिसूचना काढून द्यावी लागते. एखाद्या कार्यालयप्रमुखाला ती परस्पर घेता येत नाही.

‘खोटी प्रमाणपत्रे किती निघतात ते बघा’

निघतात, आणि त्याची चीड येणे रास्त आहे. लबाडीने दिव्यांगांचे लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा याच कायद्याच्या कलम ९१ मध्ये आहे. शंका असेल तर पडताळणी जरूर करावी. पण पडताळणी ही वेगळी प्रक्रिया आहे. ती पूर्ण होईपर्यंत सगळ्यांचेच अर्ज अडवून धरले, तर लबाडांच्या गुन्ह्याची शिक्षा खऱ्या गरजूंना होते.

अर्जदारांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. अर्जात आजाराचा इतिहास थोडक्यात लिहा. कोणते काम, त्यात कोणता अडथळा आणि कशाने तो दूर होईल, हे मात्र सविस्तर लिहा. अर्जाची पोच घ्या. दाद लागली नाही तर कलम २३ नुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. त्याच्याकडे तक्रारींची नोंदवही असते आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तिथे समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते. डिसेंबर २०२२ पासून महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही आहे.

आणि कार्यालयप्रमुखांना एक कळकळीची विनंती. असा अर्ज टेबलावर आला की टिपणी मागवण्याआधी त्या कर्मचाऱ्याला समोर बसवा, त्याचे ऐकून घ्या, आणि जे आजच्या आज देता येते ते आजच देऊन टाका.