फाटकावरचा फलक आणि आतला कारखाना

दरवर्षी ४ मार्चला कारखान्यांच्या फाटकांवर पताका लागतात. १९६६ साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली; तिच्या स्मरणार्थ सुरक्षा दिन आणि पुढे सप्ताह साजरा होतो. कामगार रांगेने उभे राहून शपथ घेतात, घोषवाक्यांच्या स्पर्धेला बक्षिसे मिळतात, आणि फाटकाशी लावलेल्या फलकावरचा आकडा एकाने वाढतो : ‘अपघाताविना इतके दिवस’. सप्ताह सरला की पताका उतरतात, फलक मात्र राहतो. आणि घोटाळा आहे तो त्या फलकातच.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातातील ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तराफ्यावर संबंधित कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी आले होते. सात वर्षांत कामाचा दिवस बुडावा अशी एकही दुखापत तेथे झाली नव्हती, तिचे कौतुक हाही त्या भेटीचा एक हेतू होता. त्याच रात्री विहिरीतून वायू उसळला, स्फोट झाला, ११ माणसे गेली आणि दोन दिवसांनी तो तराफा समुद्राच्या तळाशी गेला. फलकावरचा आकडा खोटा नव्हता. तो वेगळ्याच गोष्टीचा होता. पाय घसरणे, बोट चिरणे, हातोडी पायावर पडणे यांची कितीही काटेकोर मोजदाद ठेवली तरी तिच्यावरून विहिरीतला दाब कळत नाही. तेल, रसायने, खाणी, स्फोटके या उद्योगांत भीषण अपघात क्वचितच घडतो, आणि हीच खरी अडचण होय. वर्षानुवर्षे काही घडले नाही म्हणजे सारे ठीक आहे, असा समज मुरत जातो. शिवाय फलकावरचा आकडा पुन्हा शून्यावर आणण्याचे धाडस कोणाला असते? किरकोळ जखमीला हजेरी लावून बसवून ठेवावे, हा मोह तो फलकच निर्माण करतो.

भोपाळच्या कारखान्यात सुरक्षेची साधनेच नव्हती, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः साधने होती. विषारी द्रव थंड ठेवणारी शीतनयंत्रणा होती, निसटलेला वायू धुऊन निर्विष करणारा मनोरा होता, उरलेला जाळून टाकणारी ज्योत होती. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री शीतनयंत्रणा कित्येक महिन्यांपासून बंद होती. ज्योतीकडे जाणाऱ्या नळाचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. आणि वायू धुण्याचा मनोरा तयारीत नव्हता, असता तरी सुमारे ४० टन वायूचा तो लोंढा त्याला पेलणारा नव्हता. कंपनीच्याच अमेरिकन तज्ज्ञांनी १९८२ मध्ये कारखाना पाहून दोषांचा अहवाल दिला होता. साधने एकेक करून बंद पडली तेव्हा प्रत्येक वेळी काही ना काही कारण पुढे आले असणार : उत्पादन थांबले आहे, खर्च वाचवायचा आहे, नळ गंजला आहे. परंतु ही सारी एकाच वेळी बंद आहेत, हे पाहणे कोणाचे काम होते? सुरक्षा-व्यवस्थापन पद्धती असे जे भारदस्त नाव आज ऐकू येते, तिचा गाभा एवढ्या एका प्रश्नात आहे.

हाच प्रश्न कागदाच्या अंगाने कसा उभा राहतो, हे उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ या तेल-वायूच्या फलाटावर दिसले. तेथे कामाचे परवाने देण्याची पद्धत रीतसर होती. ६ जुलै १९८८ रोजी एका पंपाची सुरक्षा-झडप तपासणीसाठी काढून नेली आणि उघड्या तोंडावर लोखंडी झाकण बसविले. काम संध्याकाळपर्यंत पुरे झाले नाही. त्याचा परवाना नियमानुसार जमा झाला. पण झडप जागेवर नाही, हे रात्रपाळीच्या माणसांना तोंडी कोणी सांगितले नाही. रात्री पावणेदहाच्या सुमारास दुसरा पंप बंद पडला आणि पहिला सुरू करण्याची निकड उभी राहिली. त्या पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचा दुसरा एक परवाना पाळीच्या हाती आला. ती दुरुस्ती सुरूच झालेली नव्हती. म्हणजे पंप चालवायला हरकत नाही, असा निष्कर्ष निघाला. झडपेचा परवाना निराळ्या ठिकाणी पडून होता. पंप सुरू झाला, झाकणाच्या फटीतून वायू सुटला आणि पहिला स्फोट झाला. आग विझविणारे पंप पाणबुड्यांच्या सुरक्षेसाठी आपोआप सुरू न होण्याच्या स्थितीत ठेवले होते. १६७ माणसे मेली. कचेरीत एक कागद भलत्या फायलीत गेला तर फार तर कोणाचे निवृत्तिवेतन अडते. इथे एक फलाट जळून गेला. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. आपल्या कारखान्यात कोणते मोठे धोके आहेत आणि ते आपण कसे आवरतो, हे मालकाने स्वतःच लेखी सिद्ध करावे, हे त्यांतले मुख्य सूत्र.

भोपाळनंतर आपल्याकडेही कायदा बदलला. १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगारांच्या सहभागाची सुरक्षा समिती आली, धोक्याची माहिती उघड करण्याचे बंधन आले, समोर दिसणारे संकट मालकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही तो हक्क आहे. मात्र धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी सक्तीचा होतो तो २५० कामगारांपासून पुढे. रसायनाला कामगारसंख्या मोजता येत नाही! डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ आणि २०२४ अशा दोन्ही वर्षांच्या मे महिन्यांत रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन माणसे मेली. कुंपणापलीकडच्या वस्तीतल्या काचा फुटल्या. तिथल्या रहिवाशांना कोणत्या कारखान्यात किती माणसे कामाला आहेत याच्याशी कर्तव्य नव्हते.

आणि तो हक्क वापरणार कोण? टाकी साफ करणे, नळ कापणे, उंचावर चढून जोडकाम करणे ही सर्वांत धोक्याची कामे कंत्राटदाराच्या माणसांकडे जातात. ‘इथे वायूचा वास येतो, मी उतरत नाही’ असे म्हणणाऱ्या कायम कामगारामागे संघटना तरी असते. रोजंदारीवरच्या माणसाला उद्या बोलावले जाणार नाही, एवढेच होते. त्या नकाराची भरपाई कोणत्याही प्रमाणपत्राच्या चौकटीत लिहिलेली नसते. काम थांबविले त्या दिवसाची मजुरी मुख्य कंपनीने द्यावी, ही अट कंत्राटातच घातली तर तो हक्क कागदावरून खाली उतरेल. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यानेही नोंदवह्या चाळण्याआधी टाकीच्या तोंडाशी जावे, तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला परवाना कोणत्या भाषेत आहे ते पाहावे, आणि तो त्याला वाचून दाखविला होता काय, हे त्यालाच विचारावे. मुकादमाला बाजूला उभे करून.