‘बाथरूममध्ये पडल्या’
सांभाळ : लेखांक ६

एका वृद्धाश्रमाची रात्रपाळीची नोंदवही काही वर्षांपूर्वी चाळायला मिळाली होती. नात्यातल्या एक आजी तिथं होत्या. त्यांच्या नावापुढं दीड महिन्यात चार वेळा एकच ओळ : ‘बाथरूममध्ये पडल्या. मलम लावले.’ चारही वेळा तेच अक्षर, तीच शाई आणि वेळ एकदाही नाही. आजींच्या दंडावर आतल्या बाजूला चार बोटांचे काळेनिळे वळ होते. घसरून पडलेल्या माणसाला लागतं ते कोपराला, ढोपराला, कमरेला. दंडाच्या आत वळ उठतात ते बहुधा कुणी करकचून धरल्यावर. अधीक्षकांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘‘लिहिलंय ना सगळं!’’ लिहिलं होतं हे खरंच. मग वही पुन्हा कपाटात गेली.

गेल्या आठवड्यात संस्थांच्या नोंदणीविषयी बोललो. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा. संस्थेत काही विपरीत घडलं तर ते बाहेर कुणाला कळवायचं, किती वेळात, आणि नाही कळवलं तर काय?

आपल्याकडं याचं उत्तर माणसाच्या वयावर आणि दारावरच्या पाटीवर ठरतं. वसतिगृहात राहणारी गतिमंद मुलगी सतरा वर्षांची असेल आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. त्याचं कलम १९ सांगतं, की ज्याला हे कळलं त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. दडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखानं दडवला तर एक वर्षापर्यंत. तीच मुलगी अठरा पूर्ण झाली, की पॉक्सो संपतो. तिला दवाखान्यात नेलं तर पोलिसांना कळवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. पण मुळात नेलं तर!

अठरानंतर आधार उरतो तो अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चा. कायदा चांगला आहे, हे आधीच सांगतो. सातव्या कलमानुसार छळाची खबर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो. तालुक्याच्या गावी हे म्हणजे सहसा तहसीलदार. खबर मिळाली, की त्यांनी छळ थांबवण्यासाठी तातडीनं पावलं उचलायची, गरज पडली तर माणसाला तिथून सोडवायचं. पोलिसांकडं गेलात तर दंडाधिकाऱ्याचा पत्ता आणि मोफत कायदेशीर मदतीचा हक्क सांगणं हे पोलिसांचं काम आहे. ज्याच्या हवाली माणूस आहे त्यानं जाणूनबुजून त्याचं अन्नपाणी तोडलं, तर कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. हे सगळं खणखणीत आहे. घोडं अडतं ते ‘देऊ शकतो’ या दोन शब्दांवर. खबर देण्याची मुभा सगळ्यांना आहे, संस्थेवर मात्र त्या कलमात सक्ती नाही. आणि आतली खबर असते ती रात्रपाळीच्या मावशींना. त्यांचा पगार संस्थाचालकांच्या हातात.

वृद्धांचं तर त्याहून उणं. २००७ चा ज्येष्ठांचा कायदा प्रामुख्यानं मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहाचा. म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडलं तर तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड, एवढं त्यात आहे. पण वृद्धाश्रमात कुणाच्या दंडावर वळ दिसले तर चालकानं अमुक वेळात तमुक ठिकाणी कळवावं, असं एकही कलम त्यात नाही. वृद्धाश्रमांना आणि घरी मदतनीस पाठवणाऱ्या संस्थांना नोंदणी लावणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

बरं, घड्याळ लावणं आपल्याला जमत नाही असंही नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उघडून पाहा. रुग्णाला साखळदंड घालायला तिथं साफ बंदी आहे. बांधून ठेवावंच लागलं, तर दर खेपेला त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवायचं आणि महिन्याच्या अहवालात ते या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाला पाठवायचं. म्हणजे पाटीवर ‘मनोरुग्णालय’ असेल तर चोवीस तास. ‘वृद्धाश्रम’ असेल, तर स्मृतिभ्रंशाच्या आजोबांना ओढणीनं खाटेला बांधलं तरी या घड्याळाचा काटा हलत नाही.

ऑस्ट्रेलियानं हा काटा वृद्धाश्रमांना लावला. आपल्याकडून तिकडं शिकायला गेलेली कितीतरी मुलं वृद्धाश्रमांत पाळ्या करतात. त्यांना हे नियम तोंडपाठ असतात. १ एप्रिल २०२१ पासून तिथं गंभीर घटनांचे आठ प्रकार ठरले आहेत. मारहाण आणि लैंगिक अत्याचार तर आहेतच. हेळसांड, मानसिक छळ, अनपेक्षित मृत्यू, कर्मचाऱ्यानं केलेली चोरी, नियमबाह्य बांधून ठेवणं आणि माणूस बेपत्ता होणं हेही आहे. इजा झाली असेल किंवा मामला पोलिसांचा असेल, तर २४ तासांत नियामक आयोगाला कळवायचं. बाकीचं ३० दिवसांत. डिसेंबर २०२२ पासून घरपोच सेवेलाही हेच लागू झालं. अपंगांच्या संस्थांसाठी वेगळा आयोग आहे, तिथंही गंभीर घटनेला चोवीस तासच. वृद्धाश्रमांच्या नियमांतली एक गोष्ट मला विशेष वाटते. त्याआधीच्या, २००७ पासूनच्या व्यवस्थेत एक पळवाट होती : मारणारा स्वतःच स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल, तर काही अटींवर न कळवलं तरी चालायचं. नव्या व्यवस्थेनं ती बुजवली. मार खाणाऱ्याचं हाड मारणाऱ्याचा आजार विचारून मोडत नाही.

कागद वाढतात, अशी तिकडच्या चालकांची कुरकुर असते, आणि ती अगदीच खोटी नाही. फॉर्म भरला म्हणजे काळजी घेतली असं होत नाही. पण ‘वेळ’ नावाचा रकाना असला, की रोज एकच ओळ लिहिणं जरा अवघड जातं, एवढं नक्की.

तोवर आपल्या हातात काय? वळ दिसला तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा. नोंदवहीच्या पानाचाही काढा. तालुक्याच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. माणूस अपंग असेल तर तहसीलदारांना अर्ज. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आमच्या आजींच्या वेळी मी हे सगळं तोंडी सांगून आलो होतो. महिन्याभरानं विचारायला गेलो, तर मी कधी आलो होतो याचीच कुठं नोंद नव्हती.

(पुढील आठवड्यात : ब्युरोकडून घरी येणाऱ्या मदतनिसाबरोबर करार कसा करावा)