डिझाइन उघडं केलं तर धंदा कसा होईल? तीन दुकानांनी मिळून घेतलेला एक रविवार

परवाच्या व्हिडिओत ओपन सोर्स हार्डवेअर म्हणजे काय यातच वेळ गेला आणि त्याचा कार्यक्रम कसा आखायचा हा मुख्य भाग राहून गेला. तो आज लिहितोय. यात मी एकदा सपाटून आपटलोय, त्यामुळे अनुभव पक्का आहे.

व्हिडिओ न बघितलेल्यांसाठी थोडक्यात. वस्तूचं सर्किट, बोर्डाची फाइल, पार्ट्सची यादी, सगळं उघडं ठेवायचं. कोणीही ते बघावं, बदलावं, बनवावं आणि विकावंसुद्धा. या 'विकावंसुद्धा'वरच आपण दुकानदार अडतो. पण "शिकायला वापरा, धंदा करू नका" अशी अट घातली की ते ओपन हार्डवेअर राहतच नाही.

आर्डुइनोचं उदाहरण घ्या. 2005 साली इटलीतल्या इव्रेआ गावात सुरू झालेला हा बोर्ड. त्याचं डिझाइन उघडं आहे, म्हणून तर आपल्या बाजारात त्याचे इतके स्वस्त भाऊबंद मिळतात. मात्र 'आर्डुइनो' हे नाव ट्रेडमार्क आहे. बोर्ड खुशाल बनवा, पण त्यावर ते नाव छापता येत नाही. डिझाइन वाटलं, नाव राखलं. बीबीएला मला हे कोणी शिकवलं नव्हतं, तिथे सगळा भर स्पर्धकापासून लपवण्यावर!

आता माझी फजिती. माझं इलेक्ट्रॉनिक पार्ट्सचं दुकान. शेजारी मोटार रिवाइंडिंगवाला मित्र, आणि चौकात थ्रीडी प्रिंटर घेऊन बसलेला एक तरुण. पाण्याची टाकी भरली की मोटार बंद करणारा कंट्रोलर मी बनवला होता. ठरलं, तिघांनी मिळून कार्यक्रम घ्यायचा. हॉल भरला, साठेक माणसं. प्रोजेक्टर लावला, मी तासभर बोललो, एक एलईडी लुकलुकवून दाखवला, सामोसे झाले, फोटो झाले. पुढच्या महिन्यात त्यातलं एकही गिऱ्हाईक दुकानात आलं नाही.

वर आणखी एक झालं. रिवाइंडिंगवाल्या मित्राने माझाच कंट्रोलर स्वतःच्या लेबलखाली विकायला काढला. मी भर दुकानात त्याला बोललो. तो शांतपणे म्हणाला, "तूच स्टेजवरून सांगितलंस ना, ओपन आहे म्हणून?" चार महिने आमचं बोलणं बंद होतं. शेजारी शेजारी दुकानं, रोज शटर एकाच वेळी उघडायचं, आणि बोलायचं नाही. वाईट दिवस होते ते.

चूक माझी होती. तोंडाने ओपन म्हणालो, लिहून काहीच दिलं नव्हतं. पॉलिटेक्निकच्या एका सरांनी विचारलं, "लायसन्स कुठलं?" तेव्हा मला कळलं की असं काही असतं. हार्डवेअरसाठी सर्न संस्थेचं ओपन हार्डवेअर लायसन्स आहे, 2020 पासून तीन प्रकारांत. मी त्यातला कडक प्रकार घेतला. म्हणजे माझ्या डिझाइनवरून कोणीही वस्तू बनवून विकावी, पण त्यात बदल केला असेल तर बदललेलं डिझाइनही त्याच अटीवर उघडं करावं. तो कागद घेऊन मीच मित्राकडे गेलो. चहा झाला.

दुसऱ्या वेळी तारखेच्या आधी हिशोबाचा कागद केला. कोण कुठले पार्ट्स खरेदीभावात देणार, उरलेले पैसे कसे वाटायचे, फलकावर नावं कुठल्या क्रमाने. नावांच्या क्रमावरून भांडणं होतात, हसू नका!

भाषण काढूनच टाकलं. हाताने करून शिकणं आपल्याकडे काही नवीन नाही. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला तो याच विचाराने, आणि 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक तिथेच आली. आम्हीही ठरवलं, माणसं फक्त 24. सहा टेबलं, टेबलामागे चौघं आणि एक मदतनीस. संध्याकाळी प्रत्येकाने चालणारा कंट्रोलर घरी न्यायचा.

खरी गंमत बारीकसारीक गोष्टींत आहे. स्वस्त बोर्डांवर बहुतेक वेळा सीएच 340 ही यूएसबी चिप असते, काही लॅपटॉपवर तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. 24 जण एका वाय-फायवर डाउनलोडला बसले की दुपार तिथेच संपली! म्हणून ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर. केबल घरून आणायला सांगू नका, अर्ध्या केबल नुसत्या चार्जिंगच्या निघतात आणि बोर्ड लॅपटॉपला दिसतच नाही. आणि 230 व्होल्टला त्या दिवशी कोणाचाही हात लागू द्यायचा नाही. रिलेवर आम्ही 12 व्होल्टचा बल्ब लावला. खऱ्या मोटारीची जोडणी मित्राने स्वतः करून दाखवली, बाकीच्यांनी लांबून बघितली.

पैशाचं सांगतो. फी 700 रुपये, म्हणजे जमा 16,800. किट 470 चं, तीन जादा धरून 27 किट, 12,690. हॉल सरांनी फुकट मिळवून दिला. तीस जणांचा चहा-जेवण 2,100. उरले 2,010, प्रत्येकाला 670. दिवसभर दुकान बंद ठेवून 670 म्हणजे तोटाच की! पण यावेळी माणसं परत आली. कोणाला दुसऱ्या टाकीसाठी पार्ट्स हवे होते, कोणाला डबी छापून हवी होती, आणि मोटारीला जोडायची वेळ आली की सगळे मित्राकडेच.

तारखेचं एक सांगायचं राहिलं. ऑक्टोबर हा जगभर ओपन हार्डवेअर मंथ म्हणून पाळतात, पण आपल्याकडे तेव्हा दसरा-दिवाळीचा सीझन. दुकानदार येणार नाही, आला तरी लक्ष गल्ल्यात. आम्ही दिवाळीनंतरचा रविवार धरतो, तोही सरांना कॉलेजच्या परीक्षा विचारून.

मित्राने मध्यंतरी कंट्रोलरमध्ये बदल केला. विहिरीत पाणी नसताना मोटार कोरडी चालून जळू नये म्हणून त्याने करंट बघणारा सेन्सर टाकला. आयुष्यभर जळक्या मोटारी भरल्यात त्याने, मला हे सुचलंच नसतं. ठरल्याप्रमाणे ड्रॉइंग माझ्या काउंटरवर आणून ठेवलं. पुढच्या रविवारी किट त्याच डिझाइनचं आहे, आणि फलकावर त्याचं नाव पहिलं.