लहान विमानात तापमापक कोठे बसवावा?

प्रस्तावना : मोहगाव (ता. सौंसर) येथे मे महिन्यात एक तापमापक पत्र्याच्या छपरावर व दुसरा झाडाच्या सावलीत ठेवला, तर दोघांचे आकडे जुळत नाहीत, दोष मात्र दोहोंतही नसतो. तापमापक मुळात स्वतःचेच तापमान दाखवतो. ते हवेइतके आहे की नाही, हे त्याची जागा ठरवते. म्हणूनच वेधशाळेत तो फटींच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवतात. लहान विमानाला अशी पेटी लावता येत नाही. तेथे प्रोब, म्हणजे तापमापकाचे संवेदक टोक, कोठे असावे याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अचूकतेची गरज : नागपूरचा सोनेगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १०३० फूट उंच आहे. तापमान ४४ अंश सेल्सिअस असताना तेथील विरळ हवेत विमान जणू ४७५० फुटांवर असल्यासारखे वागते व त्याला धावपट्टी अधिक लागते. एका अंशाच्या चुकीने या हिशेबात सुमारे १२० फुटांचा फरक पडतो. ढगात तर चूक जिवावर बेतू शकते. बाहेर उणे एक अंश असताना प्रोबने अधिक तीन दाखवले, तर पंखांवर बर्फ साचण्याचा धोका वैमानिकाच्या ध्यानात येत नाही.

जागेची निवड : पुढे इंजिन असलेल्या विमानात त्याची उष्ण हवा व धूर पोटाखालून मागे वाहतो, ती वाट टाळावी. अनेक जुन्या विमानांत प्रोब समोरच्या काचेतून बाहेर काढलेला असतो. तेथे ऊन व आतली ऊब दोन्ही बाधतात. त्यामानाने इंजिनापासून दूर, पंखाखालची सावली उत्तम. तरीही उभ्या विमानाला तापलेल्या जमिनीची धग लागतेच. म्हणून उड्डाणापूर्वी विमानतळाने दिलेले तापमान प्रमाण मानावे. शिवाय ताशी १८५ किलोमीटर वेगात प्रोबवर अडणारी हवा सव्वा अंशाने तापते. ही वाढ जागा बदलून टळत नाही, हिशेबात वजा करावी लागते.

निष्कर्ष : ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले, संवेदकातील बिघाडामुळे तो आकडा चुकल्याचे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले. तेथे यंत्र चुकले होते. पण निर्दोष यंत्रही चुकीच्या जागी फसवते. शिक्षकांनी पत्रा, भिंत व सावली येथे तीन तापमापक ठेवून विद्यार्थ्यांकडून नोंदी घ्याव्यात. आकड्यासोबत त्याची जागा विचारण्याची सवय त्यातूनच लागेल.