पहिला गेमिंग कॉम्प्युटर : वर्ध्याच्या उन्हाचा हिशेब

यूट्यूबवरच्या पार्ट्सच्या याद्या बहुतेक एसी खोलीत बसून केलेल्या असतात. आपल्या वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पंखा कितीही मोठा लावा, तो खोलीचीच हवा आत फेकणार ना! २५ अंशांच्या खोलीत ७० वर चालणारं ग्राफिक्स कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास जातं, मग स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. म्हणजे पैसे दिले वेगाचे, मिळाला कमी.

म्हणून आपण वॅट आधी बघू. आरएक्स ६६०० हे कार्ड १३२ वॅटचं, आरटीएक्स ३०६० हे १७० वॅटचं. हे सगळे वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच येतात.

बजेट फारच तंग असेल तर रायझन ५ ५६००जी घ्या, ग्राफिक्स त्यातच आहे. कार्ड पुढच्या वर्षी. रॅम मात्र ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, एकच १६ ची नको. ग्राफिक्स तीच रॅम वापरतं, दोन पट्ट्यांनी फरक दिसतो.

पॉवर सप्लायवर मात्र कंजुषी नको. कॅबिनेटसोबत फुकट मिळतो तो आम्ही तरी लावणार नाही. चांगल्या कंपनीचा ५५० वॅट पुरतो. यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असतं, पण तो साधारण ३६० वॅटच देतो. लाइट गेली की गेम सेव्ह करून बंद करायचं, बस.

आणि डेझर्ट कूलरचं तोंड कॅबिनेटकडे करू नका. त्या हवेत पाण्याचे थेंब असतात.