रक्तवाहिन्यांच्या सी.टी. स्कॅनमधील प्रतिमेच्या उठावाचे स्वयंचलित मूल्यमापन

प्रस्तावना :

अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातील पाणी भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले. या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. पाणी सोडल्यानंतर ते कोठवर पोहोचले हे उच्छ्वासाशी डोकावून पाहावे, त्याच धर्तीचे काम आज सी.टी. अँजिओग्राफीत करावे लागते. फरक इतकाच, की येथे नळ जिवंत आहे आणि हाती काही सेकंदच असतात.

साधे रक्त व भोवतालचे स्नायू क्ष-किरणांना जवळपास सारखेच दिसतात. म्हणून हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य, ज्याला रुग्णालयात सर्रास ‘डाय’ म्हणतात, सेकंदाला सुमारे ४ ते ५ मिलिलिटर या वेगाने सोडले जाते. महारोहिणीतील घनता १०० ते १५० हौन्सफील्ड एककांपर्यंत चढली, की यंत्र छायांकन सुरू करते. हृदय दुर्बल असेल तर डाय उशिरा पोहोचतो. सुई बारीक असेल तर तो पुरेशा वेगाने जात नाही. परिणामी प्रतिमेला उठाव येत नाही.

उठाव मोजावा कसा?

गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये लंडन येथे रुग्णाचा पहिला सी.टी. स्कॅन झाला. त्यांच्याच नावाच्या मापपट्टीवर पाणी ०, हवा उणे १०००, तर साधे रक्त सुमारे ४० असते. डाय भरलेल्या रोहिणीत हा आकडा निदान २५० ते ३०० असावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा आहे.

परंतु केवळ हा आकडा पुरेसा नाही. रोहिणीची घनता ३५०, स्नायूची ६० आणि दाणेदारपणाचे प्रमाण विचलन २० असेल, तर फरक भागिले विचलन हे गुणोत्तर १४.५ येते. घनता तीच ठेवून विचलन ४५ झाले, तर ते ६.४ वर घसरते. दुसऱ्या प्रतिमेत रोहिणी पांढरी दिसेल, पण तिची बारीक शाखा हरवेल. शिवाय १२० ऐवजी ८० किलोव्होल्ट वापरल्यास तेच आयोडीन दीडपटीहून अधिक उजळ दिसते व दाणेदारपणाही वाढतो. तेव्हा किलोव्होल्टची नोंद न पाहता दोन रुग्णालयांच्या आकड्यांची तुलना करणे व्यर्थ होय.

आजवर हे मूल्यमापन बहुधा क्ष-किरणतज्ज्ञाच्या नजरेवर, फार तर पडद्यावर हाताने काढलेल्या एखाद्या वर्तुळावर अवलंबून राहिले. वर्तुळ थोडे सरकले तरी आकडा बदलतो. संगणकाला मात्र प्रत्येक छेदात रोहिणीची सीमा आखून संपूर्ण मार्गावर घनता मोजता येते. २०१५ मधील ‘यू-नेट’ या चेताजालरचनेनंतर अवयवांची अशी आखणी बरीच विश्वासार्ह झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘टोटलसेगमेंटेटर’ ही प्रणाली तर शंभरावर शरीररचना वेगळ्या करते.

जेथे यंत्र फसते :

खरी अडचण आखणीनंतर सुरू होते. भिंतीत साचलेला चुना व बसवलेला स्टेंट यांची घनता डायपेक्षाही अधिक असू शकते. ती सरासरीत मिसळली, तर निकृष्ट प्रतिमाही उत्तम ठरते. यावर सरासरीऐवजी मध्यक घेणे व भिंतीलगतचा भाग वगळणे हा साधा उपाय आहे.

याहून गंभीर चूक उलट दिशेची आहे. फुप्फुसाच्या रोहिणीत रक्ताची गुठळी असेल, तर तेथे डाय पोहोचतच नाही. महारोहिणीचा आतील स्तर फाटून खोटी पोकळी झाली असेल, तर तीही अनेकदा उशिरा भरते. केवळ आकडा पाहणारी प्रणाली अशा वेळी ‘उठाव अपुरा’ असा शेरा मारील. म्हणजे जो रोग शोधायचा, तोच तंत्रातील दोष म्हणून नोंदला जाईल! म्हणून मोजणी अनेक ठिकाणी व्हावी. मुख्य वाहिनी व इतर शाखा भरलेल्या असून एकच शाखा रिकामी असेल, तर तो अपुरा उठाव न मानता शंकास्पद जागा म्हणून दाखवला पाहिजे. हा भेद न करणारी प्रणाली वापरात आणणे नसलेलेच बरे.

आकडा केव्हा मिळावा?

कात्रज घाटापलीकडून, सातारा रस्त्याने अपघातग्रस्त वा छातीदुखीचा रुग्ण पुण्यात आणला जातो, तेव्हा त्याला दुसऱ्यांदा स्कॅनसाठी बोलावणे म्हणजे पुन्हा किरणोत्सर्ग, पुन्हा खर्च आणि आधीच थकलेल्या मूत्रपिंडांवर डायचा आणखी भार. २०२२ मध्ये शांघायमधील टाळेबंदीमुळे अनेक देशांत या द्रव्याचा तुटवडा पडला होता. तेव्हा प्रत्येक मिलिलिटरचा हिशेब करावा लागला. महिनाअखेरच्या अहवालात आलेली टक्केवारी अशा रुग्णाच्या कामाची नसते. रुग्ण टेबलावर असतानाच तंत्रज्ञाच्या पडद्यावर आकडा उमटला, तर दोष डायच्या वेगात होता की वेळेत, हे तत्काळ पाहता येते. पुन्हा स्कॅन करावयाचा की आहे त्याच प्रतिमेवर भागवावयाचे, हा निर्णय मात्र क्ष-किरणतज्ज्ञाने रुग्णाचे क्रिएटिनिन पाहूनच घ्यावयाचा असतो.